उद्या भरती, आज मेनू काय?

वर्ध्याच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या माणसाला जेवणाबद्दल मत नसणं परवडत नाही. आमची नालवाडी शहराला इतकी चिकटली आहे की गाव कुठं संपतं आणि वर्धा कुठं सुरू होतं, हे घरपट्टीच्या पावतीवरच कळतं. पण खाण्यापिण्याच्या इतिहासात या गावाचं नाव मोठं. १९३२ साली विनोबा इथं राहायला आले. सूत कातायचं आणि त्या मजुरीत जेवढं बसेल तेवढंच खायचं, असा प्रयोग त्यांनी इथं केला. मजुरी किती मिळायची ते त्यांच्या वजनावरून कळत होतं. १९३८ साली प्रकृती अगदीच ढासळली, तेव्हा ते धाम नदीच्या काठी पवनारला गेले आणि तिथं सुधारले. नालवाडीच्या हवेत वजन उतरतं असा यावरून कुणी निष्कर्ष काढला, तर त्यानं एकदा आमच्या घरी येऊन जावं.

गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचा प्रयोग केला. पुढे सेवाग्रामला पाहुण्याच्या ताटात कडुनिंबाची चटणी पडू लागली. हे झालं एका बाजूचं. दुसऱ्या बाजूला नागपूर आहे आणि तिथला सावजी रस्सा आहे, ज्यावरच्या तर्रीत चेहरा दिसतो आणि पहिल्या घासानंतर तो ओळखू येत नाही. पोटाला वळण लावणारी एक परंपरा आणि पोट पेटवणारी दुसरी, या दोन्हींच्या मधोमध आमचं स्वयंपाकघर आहे. तिथं साधी भाजी ठरवायलाही मतदान लागतं. अशा घरात लेक पहिल्या बाळंतपणाला आली.

दिवस भरले, कळांचं नाव नव्हतं. डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि सांगितलं, ‘‘गुरुवारी सकाळी आठला भरती व्हा. आपणच कळा आणू.’’ लेकीनं विचारलं, ‘‘उपाशी यायचं का?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘अजिबात नाही. रात्री साधं, व्यवस्थित जेवा. तेलकट-तिखट नको. सकाळी थोडं काही खाऊन या. वेळ लागतो याला.’’

इतकं स्वच्छ उत्तर मिळाल्यावर शंकेला जागा उरायला नको होती. पण डॉक्टरांनी उपाशी बोलावलं नाही, याच गोष्टीचा घरात सर्वांना संशय आला. माझी आई म्हणाली, ‘‘दवाखान्यात जाताना पोटात अन्न ठेवत नाही, हे मले शिकवू नको. सिझर करायची पाळी आली त काय करशीन?’’

आईच्या या म्हणण्याला न्यूयॉर्कचा पाठिंबा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. कर्टिस मेंडेलसन नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या एका प्रसूतिगृहातल्या १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या आणि १९४६ साली निष्कर्ष छापला. भूल दिलेली असताना ६६ बायांच्या पोटातलं अन्न किंवा आम्ल उलटून फुप्फुसात गेलं होतं, आणि त्यांतल्या दोघी घशात घास अडकून दगावल्या होत्या. तेव्हा तोंडावर मुखवटा धरून भूल देत. भीती खरीच होती. मग प्रसूतिगृहांनी नियमच करून टाकला की कळा सुरू झाल्या की बाईच्या तोंडात काही जाता कामा नये. म्हणजे विनोबा ज्या वर्षी नालवाडीत पोटाचा हिशेब मांडायला बसले, त्याच वर्षापासून न्यूयॉर्कच्या बायांच्याही पोटाचा हिशेब लागत होता. त्याचा निकाल माझ्या आईपर्यंत कोणत्या वाटेनं पोचला कोण जाणे. पण पोचला, आणि पक्का बसला.

पुढे पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायची पद्धत रुळली आणि धोका फार कमी झाला. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली की ज्या बाईला विशेष जोखीम नाही, तिला कळा चालू असतानाही खाऊ-पिऊ द्यावं. ठरवून करायच्या सिझरला मात्र घड्याळ लागतंच. हलक्या खाण्यानंतर सहा तास, तळलेल्या आणि जड जेवणानंतर आठ, नुसत्या पाण्यानंतर दोन. या हिशेबात बिनदुधाचा चहा पाण्यात धरतात आणि दूध घातलेला चहा जेवणात, हे मी वाचून दाखवलं. आमच्याकडे येणारं दूध पाहता ते पाण्यात धरायला काहीच हरकत नव्हती.

उपाशी न्यायचं नाही हे अखेर बहुमतानं मंजूर झालं. मग खरा प्रश्न उभा राहिला: खायला काय घालायचं? आणि लक्षात आलं की घरात आणि शेजारात ज्याला त्याला या एका जेवणाकडून काहीतरी काम करून घ्यायचं होतं. पोट भरणं हे काम कुणाच्याच यादीत नव्हतं.

आईचा भर तुपावर. ‘‘मऊ भात कर, त्यावर तूप घाल. बरंच घाल. वाट मोकळी होते.’’ तूप पोटात जातं, बाळ गर्भाशयात असतं, आणि हे दोन निराळे विभाग आहेत, हे मी सांगून पाहिलं. पण आईच्या मते शरीर जिल्हा परिषदेच्या रस्त्यासारखं असतं. एका टोकाला डांबर पडलं की साऱ्या तालुक्याची सोय झाली.

शेजारच्या काकू एरंडेलाची बाटली घेऊनच आल्या. ‘‘रात्री गरम दुधातून द्या. पहाटे कळा. भरती व्हायचं कामच नाही जी.’’ एरंडेलानं पहाटे काहीतरी होतं, यात शंका नाही. पण ते बाळंतपणच असेल याची हमी कुणी देत नाही. ज्या बाईला दुसऱ्या दिवशी ताकद लागणार आहे, तिला आदल्या रात्रभर संडासाच्या वाऱ्या करायला लावणं कोणत्या शास्त्रात बसतं, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, ‘‘माह्ये तिन्ही पोरं एरंडेलावर झाले.’’ त्यांच्या तिघा पोरांचे स्वभाव मला माहीत असल्यानं मी पुढे बोललो नाही. मॅडमना फोन केला, त्यांनी एका शब्दात नकार दिला, आणि काकूंनी बाटली आमच्याच फडताळावर ठेवली. ‘‘असू द्या, लागली त.’’

जावईबापू पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघाले होते आणि जिथं जिथं रेंज मिळेल तिथून संशोधन पाठवत होते. दौंडला खजूर आला. जॉर्डनमध्ये झालेला, २०११ साली छापून आलेला अभ्यास. ज्या ६९ बायांनी दिवसाला सहा खजूर खाल्ले, त्यांना न खाणाऱ्या ४५ जणींपेक्षा कळा आणायचं औषध कमी वेळा लागलं. अभ्यास खरा आहे, पण त्यात एक अट होती: हे खजूर तारखेआधी चार आठवडे रोज खायचे. जावईबापूंना ती अट बहुधा मनमाडला दिसली. दिवसाला सहा याप्रमाणे अठ्ठावीस दिवसांचे १६८ खजूर होतात. एका रात्रीत तेवढे खाल्ले तर कळा येतील की नाही ते सांगता येत नाही, पण पोट नक्की दुखेल, आणि यातलं कोणतं दुखणं कोणतं हे ओळखायला आणखी एक डॉक्टर लागेल.

मुलाचं म्हणणं, तिखटानं कळा येतात, म्हणून सावजी मागवावं. मॅडमनी तिखट नको सांगितलंय याची त्याला आठवण दिली. ‘‘तिला नको, आपल्याला मागवू,’’ तो म्हणाला. यात कळांचा संबंध कुठं आला, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

जेवणानं बाळंतपण घडवून आणायचा हा छंद नालवाडीचाच आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात स्कॅलिनीज नावाच्या एका इटालियन खानावळीनं याच्यावर नाव कमावलं. तिथं वांग्याच्या तळलेल्या चकत्यांवर टोमॅटोचा रस्सा आणि चीज घालून भट्टीत भाजलेला एक पदार्थ मिळायचा. दिवस भरलेल्या बाईनं तो खावा, ४८ तासांत बाळंत झाली तर बाळाचा फोटो भिंतीवर लागायचा, नाही झाली तर पुढचं जेवण खानावळीकडून. भिंत फोटोंनी भरली. दिवस भरलेली बाई वांगं खाऊन बाळंत होते तशी भेंडी खाऊनही होतेच, कारण तिचे दिवस भरलेले असतात; पण भिंतीवर भेंडीवाल्या बाळांचे फोटो कुणी लावले नाहीत. तिकडं लॉस एंजेलिसच्या कायोटी पिझ्झा कॅफेत हीच कीर्ती एका सॅलडला मिळाली. त्यात पाला, अक्रोड, उग्र वासाचं चीज आणि वरून आंबट व्हिनेगरचं मिश्रण असतं.

वांग्यात खरंच एवढी शक्ती असती, तर विदर्भात एकही बाई नवव्या महिन्यापर्यंत पोचली नसती. हिवाळा लागला की इथं घरोघरी तुराट्यांवर वांगी भाजली जातात, अंगणाअंगणात भरीत होतं, आणि दिवस गेलेल्या बाया शेजारी बसून कांद्याची पात चिरत असतात. आमच्याकडे उलट बाळंतिणीला वांगं वर्ज्य. एकाच भाजीला अमेरिकेत सुईणीचा मान आणि वर्ध्यात बाळंतिणीच्या खोलीत प्रवेशबंदी, हे वांग्यालाही कळत नसेल.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. ‘‘आमच्याकडे अशा वेळी गोडाचं करतात हो. शिरा करा, तोंड गोड करून जाऊ दे.’’ अशा वेळी म्हणजे कोणत्या वेळी, हे विचारायची सोय नव्हती. तारीख घेऊन दवाखान्यात बाळंतपणाला जाणारी बाई त्यांच्याही घराण्यात ही पहिलीच होती.

आणि इथंच सगळी गंमत आहे. आपल्याकडे बाळंतपणाभोवतीचं जेवण पहिल्यापासून शेवटपर्यंत ठरलेलं असतं. डोहाळजेवणाला काय करायचं, वाट्या झाकून पेढा की बर्फी कसं विचारायचं, पाचवीला काय, बारशाला घुगऱ्या किती भिजवायच्या, सव्वा महिना बाळंतिणीच्या ताटात काय वाढायचं, सगळं पाठ. राहिली फक्त कळांच्या आदल्या रात्रीची गोष्ट. कळा आजवर सांगून येत नव्हत्या, त्यामुळे आदली रात्र कोणती हे दुसऱ्या दिवशीच कळायचं. बाई रोजचं जेवून झोपायची आणि मध्यरात्री घर जागं व्हायचं. सरकारनंसुद्धा पुढचाच विचार केला आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस मोफत जेवण मिळतं. आदल्या रात्रीबद्दल सरकारही गप्प आहे आणि शास्त्रही. आता अचानक डॉक्टर तारीख देऊ लागले आणि ही रात्र कॅलेंडरवर आली. मराठी घराला तारीख आणि वेळ कळली की पहिला प्रश्न ‘स्वयंपाक काय’ हाच पडतो. उत्तर कुठंच लिहिलेलं नसल्यामुळे प्रत्येकानं ते आपापलं लिहून आणलं होतं.

शिवाय घरात अशीही समजूत होती की आठला भरती, नऊला सुई, अकराला बाळ. मुलानं पेढ्यांची ऑर्डर गुरुवारी दुपारची दिली होती. कळा आणणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, हे त्याला सांगायला मलाच बसावं लागलं. गर्भाशयाचं तोंड कच्चं असेल तर आधी ते मऊ करावं लागतं. त्यासाठी जेल ठेवतात, गोळी देतात किंवा छोटा फुगा घालून त्यात पाणी भरतात. मग सलाईनमधून कळांचं औषध. तोंड कितपत तयार आहे याला गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ साली काढली. पाच विषय आणि कमाल गुण तेरा. आमच्या लेकीला तीन मिळाले. जिनं दहावीला गणितात कधी मान खाली घातली नाही, तिला तेरापैकी तीन! आईनं ताबडतोब विचारलं, ‘‘बाकीच्यांले किती पडले?’’

हा वेळ किती लागतो याचा पुरावा आमच्या जवळच, नागपुरात आहे. तिथल्या दोन सरकारी दवाखान्यांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर एक अभ्यास झाला. निम्म्या जणींना तोंडानं घ्यायच्या गोळ्या, निम्म्यांना फुगा. २०१७ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. चोवीस तासांच्या आत साधं बाळंतपण झालं गोळीवाल्यांतल्या ५७ टक्के आणि फुग्यावाल्यांतल्या ४७ टक्के बायांचं. बाकीच्यांना अधिक वेळ लागला किंवा सिझर झालं. म्हणजे नागपुरी पुराव्यावरून बोलायचं तर आदल्या रात्रीच्या एका जेवणावर सगळी भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. दवाखान्यात पुढचं जेवण, कदाचित त्याच्याही पुढचं, यायचंच असतं. मुलानं पेढ्यांची ऑर्डर शुक्रवारवर ढकलली आणि दुकानदारानं विचारलं, ‘‘काहून, पोरगं व्हायचं रद्द झालं का?’’

एवढं सगळं होईपर्यंत ज्या बाईच्या पोटाचा प्रश्न होता, ती पलंगावर उशीला टेकून गोरस भांडारातून आणलेला गोरसपाक चहात बुडवून खात होती. वादात ती एकदाही पडली नव्हती. कुकर लावायची वेळ झाली तेव्हा तिच्या आईला सुचलं की हिलाही विचारावं.

‘‘दहीभात,’’ ती म्हणाली. ‘‘गार. लोणचं वेगळं.’’

घरात शांतता पसरली, कारण दहीभातात कुणाचाच सिद्धांत बसत नव्हता. तुपाला वाव नाही, तिखटाला नाही, खजुराला नाही, शिऱ्याला तर नाहीच. बरं, मॅडमच्या अटीत तो इतका चोख बसत होता की नाही म्हणायला निमित्तही सापडेना. आईनं एक प्रयत्न करून पाहिला. ‘‘एवढ्या थंडीत दही? लेकराले सर्दी होईन.’’

‘‘आजी, लेकरू अजून बाहेरच नाही आलं.’’

‘‘आलं की होईन ना.’’

लेकीचा हिशेब आमच्या सगळ्यांच्या पुढचा होता. उद्यापासून आपण बाळंतीण होणार, मग सव्वा महिना डिंकाचे लाडू, सुंठ, शेपू, अळिवाची खीर आणि गरम पाणी. दही, ताक, लिंबू, केळं, वांगं, सगळ्याला रजा. त्यातलं कोणतं पथ्य खरं आणि कोणतं नुसतं चालत आलेलं, यावर ती नंतर आजीशी भांडणार होतीच. पण मधल्या एका रात्री ती गर्भवतीच्या नियमांतून जवळजवळ सुटलेली आणि बाळंतिणीच्या नियमांत अजून न अडकलेली होती. त्या रात्रीचं जेवण कशासाठीही नव्हतं. ते नुसतं आवडत होतं म्हणून होतं.

तिनं दहीभात खाल्ला आणि साडेनऊला झोपली. बाकीच्या प्रत्येकानं आपला सिद्धांत शिजवूनच ठेवला होता. भरीत, भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात, त्यावर तूप, मुलानं मागवलेलं सावजी आणि विहीणबाईंच्या मानाखातर शिरा. अन्न टाकायचं नाही ही मगनवाडीची शिकवण आणि हात आखडायचा नाही ही नागपूरची, अशा दोन्ही आम्ही त्या रात्री एकाच ताटात पाळल्या. सकाळी सोबत म्हणून निघालेल्या चौघांसाठी पाच डब्यांची पिशवी भरली. दवाखान्यात पोचल्यावर मुलानं नर्सबाईंना ॲसिडिटीची गोळी मागितली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘भरती कोणाला करायचं आहे?’’

शुक्रवारी दुपारी नात झाली. आणि तासाभरात श्रेयाची वाटणी सुरू झाली. आई म्हणाली, दहीभाताला फोडणी तुपाची होती, तिनंच घातली होती. जावईबापूंनी गुरुवारी दुपारी डब्यातून दोन खजूर भरवले होते, ते त्यांनी मोजून ठेवले होते. विहीणबाईंना फोनवर कळलं की सकाळी नाश्त्याला सुनेनं चमचाभर शिरा खाल्ला होता. त्यांना तेवढं पुरलं. काकूंचा दावा सर्वांत धाडसी होता. एरंडेलाची बाटली नुसती घरात असली तरी चालते, म्हणे. सलाईनमधल्या औषधाचं नाव कुणी घेतलं नाही. जी दीड दिवस कळा सोसत होती तिचंही घ्यायचं राहूनच गेलं.

माझ्या मनात आलं होतं की या आदल्या रात्रीचा एखादा छोटासा विधी सुरू करावा, म्हणजे दर घरी हा गोंधळ व्हायचा नाही. मग पुढचं डोळ्यांसमोर आलं. विधी ठरला की साडीचा रंग ठरेल, फोटोवाला येईल, आमंत्रणं जातील, फुग्यांची कमान लागेल, ‘आदल्या रात्रीचे सात पदार्थ’ असं पुस्तक निघेल आणि त्या सातांत दहीभात नसेल. त्यापेक्षा शास्त्रानं ही एक रात्र चुकून मोकळी सोडली आहे ती मोकळीच राहू द्यावी. काय हवं ते तिला विचारावं, चालतं का ते डॉक्टरांना विचारावं, आणि उरलेल्यांनी आपापलं ताट वाढून घ्यावं.